कोटिंगखालचं स्वस्तिक

संशय घेणं हे माझं काम आहे आणि त्याचा मला पगार मिळतो. गाड्यांच्या विम्याचे क्लेम माझ्या टेबलावर येतात. गाडी उभीच होती आणि झाड आपोआप पडलं, म्हैस आडवी आली, मागून कुणीतरी ठोकून पळालं, अशा गोष्टी मी दिवसभर ऐकते, मान डोलावते आणि एकीवरही विश्वास ठेवत नाही. दोन माणसांची हकीगत शब्दाला शब्द जुळली की मी समजते, हे घरून पाठ करून आलेत.

हा गुण मला बाबांकडून मिळाला. बाबांनी नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये उभी हयात काढली. छापून आलेल्या कागदांत खोट शोधायची, हे त्यांचं काम. शाई जराशी सरकली, रेघ केसभर जाड झाली की कागद बाजूला. ड्युटी संपली तरी डोळ्यांची ड्युटी संपायची नाही. आईनं निवडलेली साडी ते दुकानाबाहेर नेऊन उन्हात धरायचे आणि दुकानदार कपाळाला हात लावायचा. मला बघायला आलेल्या एका मुलाच्या शर्टाचं एक बटण वेगळ्याच दोऱ्यानं शिवलंय, हे त्यांनी पोह्यांची बशी रिकामी व्हायच्या आत मला खुणेनं दाखवलं होतं. ते स्थळ फिसकटलं ते बटणामुळं नव्हे, पण बाबा आजही श्रेय घेतात.

तर असा माणूस नवी गाडी ताब्यात घ्यायला शोरूममध्ये गेला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "छान आहे."

मी बघतच राहिले. माझी कल्पना होती की संध्याकाळपर्यंत आमची सुटका नाही. मागच्या दाराच्या कडेला रंगाचा एक बारीक ओघळ सुकलेला मलाच सापडला. मी बाबांना बोलावून दाखवला. ते वाकले, मान वाकडी केली आणि म्हणाले, "असू दे गं. चालतंय."

चालतंय हा शब्द आमच्या घरात कधी चाललेला नाही. माझा पहिला संशय शोरूमवर गेला. पेढा हातात देऊन, हार गळ्यात घालून, 'सर, सर' करून यांनी बाबांना पार विरघळवलं, असं मला वाटलं. पण मग तिथल्या गोड बोलणाऱ्या माणसानं सिरॅमिक कोटिंगचा विषय काढला. रंगावर एक कडक, पारदर्शक थर बसतो, धूळ चिकटत नाही, पाणी ठरत नाही, वगैरे. बाबा ताडकन म्हणाले, "आत नेऊन काय लावता ते कुणी बघितलंय? ओलं फडकं फिरवून परत द्याल. मी माझ्या हातानं लावीन." ते ऐकून माझा जीव भांड्यात पडला. आपला माणूस अजून शाबूत आहे, असं वाटलं.

गाडी घरी मी आणली. "तुझा हात बसू दे," बाबा म्हणाले. हेही मला खटकलंच, कारण या गाडीचा सगळा घाट त्यांनी एका शब्दापायी घातला होता. रिटायर झालो की गाडी घेईन आणि तुला स्वतः चालवत वणीच्या गडावर नेईन, असं ते आईला वर्षानुवर्षं सांगत आले होते. स्टिअरिंगला हात लावायची घाई त्यांना असायला हवी होती.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये आईनं गाडीची पूजा केली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, कुंकू पाण्यात कालवून पांढऱ्याशुभ्र बोनेटवर बोटानं स्वस्तिक काढलं. गाडी गडावर जाऊन येईपर्यंत ते पुसायचं नाही, असं तिचं म्हणणं. कोटिंगच्या आधी ते पुसावंच लागेल, असं बाबांचं. "पुसा मग," आई म्हणाली आणि गप्प बसली. आई एवढ्या लवकर गप्प बसत नाही. स्वस्तिक तसंच राहिलं आणि दुपारच्या तिरक्या उन्हात तापत राहिलं.

कोटिंगची बाटली पार्सलनं आली. अंगठ्याएवढी काच आणि तिच्याबरोबर तिच्या दहापट मोठा डबा. मी ती नकली ठरवूनच हातात घेतली. सील बघितलं, झाकण बघितलं, वास घेतला. बाबांपुढं धरली तर म्हणाले, "तूच बघ, अक्षर फार बारीक आहे." चष्मा त्यांच्या नाकावर होता. नोटेवरचं सगळ्यात बारीक अक्षर या माणसानं जन्मभर वाचलंय. पाणी कुठंतरी मुरत होतं.

एकदा संशय आला की मागचं सगळं आठवायला लागतं. बाबांची स्कूटर दिवाळीपासून कव्हरखाली होती. बॅटरी गेलीय, असं आई म्हणाली होती आणि बाबाही अगदी याच शब्दांत म्हणाले होते. घरात कुठलीही वस्तू हलवलेली आईला आताशा खपत नव्हती. मी चहाचा डबा एका फळीवरून दुसऱ्या फळीवर ठेवला तर ती अशी कडाडली की मी कानाला खडा लावला. दारातला चपलांचा स्टँड मी झाडताना जरा पुढं ओढला तर बाबा त्याला अडखळले आणि बोलणी मला बसली. आणि आता ही नवी तऱ्हा. रात्रीच्या मालिका सोडून आई कानात वायर घालून गाड्या चकाचक करायचे हिंदी व्हिडिओ बघत होती. बाबा शेजारी बसून नुसते ऐकत होते. आईला गाडीतलं हॉर्न सोडून काही कळत नाही.

मी तर्क लढवत होते. बाबांना हार्टचं काही निघालंय आणि माझ्यापासून लपवतायत. किंवा पुन्हा कुठलं तरी स्थळ बघितलंय आणि नव्या गाडीतून मलाच दाखवायला न्यायचा बेत आहे. हा दुसरा तर्क मला जास्त घाबरवत होता. उघड विचारलं तर दोघं एका सुरात म्हणायची, "तुला ऑफिसची सवय लागलीय."

शनिवारी सकाळी बाबांनी काम काढलं. गाडी धुतली, मातीच्या लगद्यासारखी एक वडी सगळ्या अंगावर घासली, मग स्पिरिटसारख्या वासाच्या पाण्यानं एकेक भाग पुसला. स्वस्तिकही घासलं. मी मदतीला गेले तर आई म्हणाली, "तू लांब उभी राहा, तुझे केस पडतील." ती स्वतः प्लास्टिकची खुर्ची टाकून गाडीलगत बसली होती, हातात मोठी बॅटरी घेऊन.

कोटिंगची पद्धत अशी. छोट्या स्पंजाला कापड गुंडाळायचं, त्यावर चार-सहा थेंब घ्यायचे, एक हात उभा, एक आडवा फिरवायचा. मग थांबायचं. थोड्या वेळानं त्या ओल्या भागावर इंद्रधनुष्यासारखे रंग तरळतात. ते आले की लगेच मऊ फडक्यानं पुसून घ्यायचं. राहिलं तर तो डाग दगडासारखा बसतो आणि खाली जे असेल तेही त्याच्याबरोबर कायमचं बसतं. पांढऱ्या रंगावर ते रंग जेमतेम दिसतात, तेही उजेड तिरका पडला तर.

बाबा लावायचे आणि थांबायचे. बॅटरी तिरकी धरून आई म्हणायची, "आलं. पुसा." बाबा पुसायचे. "वर राहिलं. अजून वर. हां. आता डावीकडं, आरशाखाली." बाबा आरशाखाली पुसायचे.

मी खांबाला टेकून हे बघत होते. बाबांना कुणी शिकवलेलं चालत नाही. पोळी कशी फुगते हेसुद्धा त्यांनी आईला शिकवून झालंय. आणि इथं आई बोट दाखवील तिकडं हा माणूस मुकाट्यानं हात नेत होता. तळमजल्यावरचे काका पाणी फार वापरलं म्हणून कुरकुरायला आले होते, तेही कुरकुर विसरले. "वहिनी, आज तुम्ही मुकादम का?" आई हसली नाही. बाबाही हसले नाहीत. ती दोघं जीव मुठीत धरून काम करत होती, गाडीचा रंग नव्हे तर परीक्षेचा पेपर समोर असल्यासारखी. उन्हं कलेपर्यंत ते चाललं.

झाल्यावर गाडी खरोखर देखणी दिसत होती. बाबांनी कंबरेवर हात ठेवले आणि मला हाक मारली. "ये क्लेमवाल्या बाई. काढ खोट."

मी बॅटरी घेतली. दारं बघितली, टप बघितला. कुठं डाग नाही, रेघ नाही. मी मनातून खूश होत होते. मग बोनेटवर उजेड तिरका धरला आणि तिथं स्वस्तिक होतं. फिकट गुलाबी, पण चारही हात आणि मधले ठिपके सगळे जागेवर. उन्हात तापलेलं कुंकू रंगात उतरलं होतं, पुसताना निघालं नव्हतं, आणि आता त्याच्यावर तो कडक थर बसला होता. अर्धवट घासलेलं नव्हतं की चुकून राहिलेलं नव्हतं. बोनेटच्या मधोमध होतं. आंधळ्यालाही दिसलं असतं.

"बाबा, स्वस्तिक राहिलं," मी म्हणाले.

बाबा पुढं आले, वाकले, मान वाकडी केली आणि बोनेटवर बोट टेकवलं. "हे होय? हे मी मुद्दाम ठेवलंय. देवाचं आहे, असू दे."

त्यांचं बोट जिथं होतं तिथं काही नव्हतं. नुसता पांढरा रंग. स्वस्तिक त्यांच्या बोटापासून हातभर लांब होतं.

मी आईकडं बघितलं. आई माझ्याकडंच बघत होती. तिनं नजर चोरली नाही, हे मला विशेष वाटलं. मी बॅटरी विझवली आणि जिना चढले.

आई मागून आली आणि ओट्याशी उभी राहिली. माझी आई नामपूरची. नाशकात आल्यापासून शुद्ध बोलते, पण जीव घाबरा झाला की माहेरचं बोलणं तोंडात येतं. मी विचारायच्या आधीच ती हळूच म्हणाली, "त्यास्ले दिखत नही, माय."

मग तिनं सगळं सांगितलं. बाबांना मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा जातो. प्रेसमधून रिटायर झाल्यावर ते हळूहळू सुरू झालं. डॉक्टर इंजेक्शन देतात, आहे ते टिकावं म्हणून. गेलेलं परत यायचं नाही. पेन्शनच्या कामाला जातो म्हणून दोघं घराबाहेर पडायची, ती तिकडं. बाबांनी तिला माझी शपथ घातली होती, पोरीला सांगायचं नाही.

"आणि गडावर गाडी कोण चालवणार होतं?" मी विचारलं.

"तेच."

"आई! तो घाट आहे!"

"मी शेजारी बसून सांगणार होते. वळण आलं, समोरून बस आली, ब्रेक मारा. ते म्हणाले, आधी कोटिंगवर करून बघू. तू सांगायचं, मी करायचं. जमलं तर घाटही जमेल."

मला भयंकर राग आला. रागाखाली भीती होती हे मला तेव्हाही कळत होतं. घाटातले क्लेम मी रोज हातांनी चाळते. त्या खाली गेलेल्या गाड्यांचे फोटो मी जेवता जेवता बघते. आणि ही दोघं पार्किंगमध्ये फडकं घेऊन घाटाची तालीम करत होती!

"जमलं की तुमचं," मी म्हणाले. "सगळी गाडी बिनचूक झाली. स्वस्तिक तेवढं तुला दिसलं नाही?"

"दिसलं होतं," आई म्हणाली. "पहिल्यापासून दिसत होतं. त्यांनी विचारलं, बोनेट स्वच्छ झालं का? मी हो म्हटलं." तिनं पदरानं ओटा पुसला, जो स्वच्छ होता. "शपथ घेतली होती ना मी. सांगायचं नाही म्हणून. मी नाहीच सांगितलं. तुला दिसेल, एवढं मला ठाऊक होतं."

मी पुन्हा खाली गेले. बाबा ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते. इंजिन बंद, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मी दार उघडलं.

"गडावर गाडी मी नेणार," मी म्हणाले.

"तुझा हात कच्चा आहे."

"असेल. पण मला स्वस्तिक दिसतं."

हे असं तोंडावर फेकायला नको होतं, पण मी फेकलं, आणि आजही वाटतं की दुसरं कुठलंच वाक्य त्यांना हलवू शकलं नसतं. बाबा बराच वेळ समोर बघत राहिले, म्हणजे ते समोर बघतायत असं मला वाटत राहिलं.

"आईनं सांगितलं?"

"तुमच्या बोटानं सांगितलं."

त्यांनी ते बोट वर धरून न्याहाळलं, जरा बाजूनं. "चुकलं का?" त्यांनी विचारलं. "किती?"

मी सांगितलं नाही. मला रडू फुटलं होतं, ते त्यांना दिसलं नसेल, पण ऐकू गेलं असणार. ते उतरले, गाडीच्या पत्र्यावर हात ठेवत पुढून वळसा घालून पलीकडं गेले, दार चाचपून उघडलं आणि शेजारच्या सीटवर बसले. "सीट मागे घे," ते म्हणाले. "गडापर्यंत माझे पाय आखडतील."

त्यानंतर ते रोज संध्याकाळी फडकं घेऊन खाली जाऊ लागले. आई बरोबर जायची. धूळ पुसून येतो, असं दोघं सांगायची, एकाच शब्दांत. गाडी अजून सोसायटीबाहेर गेलेली नव्हती आणि त्या कोटिंगवर धूळ ठरत नव्हती, पण मी यावेळी काही विचारलं नाही.

शुक्रवारी आम्ही गडावर गेलो. दिंडोरीपर्यंत बाबा माझ्या गिअरवर टीका करत होते, मला बरं वाटत होतं. नांदुरीहून घाट लागला तसे ते गप्प झाले. आई मागच्या सीटवरून सवयीनं म्हणाली, "वळण आलं," आणि बाबा म्हणाले, "अगं, तिला दिसतंय."

वर पार्किंगमध्ये नारळ-ओटीचं दुकान मांडलेल्या बाई कुंकवाची वाटी घेऊन लगबगीनं पुढं आल्या. "नवी गाडी दिसती! थांबा, सातिया काढून देते."

"स्वस्तिक काढलेलं आहे," बाबा म्हणाले.

बाईंनी बोनेटकडं बघितलं. ऊन डोक्यावर होतं आणि वरच्या उन्हात ते दिसत नाही. "कुठंय? काहीच नाय ना भाऊ."

बाबा बोनेटपाशी गेले. अंगठा गाडीच्या पुढच्या चिन्हावर टेकवला, वीत ताणली, तिच्यापुढं दुसऱ्या हाताची चार बोटं ठेवली आणि त्यांच्या पुढं एक बोट टेकवलं. "हे काय."

बाई वाकल्या, मान वाकडी केली. "आई गं! रंगातच हाय की!" त्यांनी वाटी खाली ठेवली आणि हात जोडले.

बोट स्वस्तिकाच्या बरोबर मधोमध पडलं होतं. बाबांनी तोंड माझ्याकडं वळवलं, माझ्या कानांकडं बघितलं आणि विचारलं, "आता?"

"बरोबर आहे," मी म्हणाले. आई घाईघाईनं ओटीचं ताट सारखं करायला लागली.

गाडी अजून नवी दिसते. पावसाचं पाणी बोनेटवरून घरंगळून जातं आणि स्वस्तिक आहे तिथंच आहे. ऑफिसमध्ये मी अजून कुणावर विश्वास ठेवत नाही. घरी मात्र चहाचा डबा काढला की त्याच फळीवर, तोंड बाहेर करून ठेवते. चपला स्टँडवर भिंतीला टेकवून लावते. गाडीची किल्ली दाराच्या उजव्या हाताच्या खिळ्याला अडकवते आणि ती तिथंच लटकतेय ना, हे जाता जाता हात लावून बघते.